शब्द कचेरीत रुजतात

बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातला शेतकरी पीककर्जासाठी 'पहाणी' काढतो. सीमेपलीकडे महाराष्ट्रात, उदगीरच्या बाजूला राहणारा त्याचाच सोयरा त्याच कामासाठी 'सातबारा' काढतो. दोघांच्या घरची भाषा मराठी, जमीन सारखीच काळी, तूर आणि सोयाबीनही तेच. कागदावरचा मजकूरही जवळपास तोच असतो: जमीन कोणाची, किती, त्यात काय पेरले आहे. वेगळे आहे ते कागदाचे नाव. 'सातबारा' हे नाव लोकांनी गाव नमुना ७ आणि १२ या दोन तक्त्यांच्या क्रमांकांवरून पाडले. 'पहाणी' हा मात्र मूळचा मराठीच शब्द. उभ्या पिकाची पाहणी करणे ही महसुलाची जुनी रीत होती. तिचे नाव निजामाच्या दप्तरात गेले आणि तिथून कन्नड व तेलुगू शेतकऱ्यांच्या तोंडी बसले. महाराष्ट्रात ज्याची जागा दोन आकड्यांनी घेतली, तो मराठी शब्द आज कर्नाटक आणि तेलंगणाच्या कारभारात रोज राबतो आहे. नव्या व्यवहाराला नाव कुठून मिळते, आणि मिळालेले नाव टिकते कशाच्या बळावर, हे समजून घ्यायला बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांइतकी चांगली जागा मिळणे अवघड आहे. फारसी, उर्दू, इंग्रजी आणि कन्नड अशा चार भाषांचा कारभार इथल्या मराठीने अनुभवला आहे. त्या अनुभवातून एकच निष्कर्ष निघतो असे मला वाटते: शब्द घडवणाऱ्याच्या विद्वत्तेवर शब्दाचे आयुष्य ठरत नाही, तो शब्द वापरल्यावाचून ज्यांचे काम अडते अशी माणसे किती, यावर ते ठरते.

परकीय शब्दांना स्वभाषेत प्रतिशब्द घडवण्याची गोष्ट निघाली की जगात सगळ्यांत आधी आइसलँडचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. हा देश चार लाखांच्या आतल्या वस्तीचा. २०११च्या जनगणनेत एकट्या बिदर जिल्ह्याची लोकसंख्या सतरा लाखांवर होती, म्हणजे आइसलँडची सगळी माणसे बिदरच्या पाव हिश्शाहूनही कमी भरतील. तरी तिथल्या माणसाला संगणक, दूरध्वनी, वीज, जेट विमान यांच्यासाठी इंग्रजी शब्द लागत नाही. टेलिफोन आला तेव्हा 'बोलणारा धागा' अशा अर्थाचे लांब जोडशब्द आधी सुचवले गेले. मग कोणीतरी जुन्या साहित्यातला विसरलेला एक शब्द उचलला: 'सीमी', म्हणजे धागा, दोरा. आज तो साध्या फोनलाही लागतो आणि खिशातल्या मोबाईललाही. संगणकाला त्यांनी 'तोल्वा' म्हटले. 'आकडा' या अर्थाचा शब्द आणि जुन्या काव्यातल्या भविष्य सांगणाऱ्या स्त्रीचे नाव यांच्या सांध्यातून १९६०च्या दशकात तो घडला. घडवणारे होते साहित्याचे अभ्यासक सिगुर्दूर नोर्दाल. विजेला त्यांनी 'अंबराची शक्ती' अशा अर्थाचा शब्द दिला, कारण अंबर (तृणमणी) घासला की त्यात आकर्षण येते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. टीव्हीच्या किंवा फोनच्या पडद्याला 'स्क्यार' म्हणतात. एके काळी जनावराचे पातळ कातडे ताणून बसवलेल्या झरोक्याचे ते नाव होते.

या उदाहरणांचे कौतुक करून आपण थांबतो, आणि तिथेच चुकतो. आइसलँडमध्ये हे जमले ते केवळ भाषाभिमानामुळे नव्हे. १९१९ साली तिथल्या अभियंत्यांच्या संघटनेने आपली शब्दसमिती नेमली. म्हणजे यंत्र हाताळणाऱ्या माणसांनी यंत्राची नावे ठरवायला घेतली. १९३० साली रेडिओ सुरू झाला तो त्याच भाषेत. शाळा, न्यायालय, दवाखाना, मासेमारीचे बंदर, बँक, सगळे व्यवहार एकाच भाषेत चालत होते. १९६४ साली सरकारी भाषा समिती स्थापन झाली तेव्हा तिला शब्द रुजवण्यासाठी रान आधीच नांगरलेले मिळाले. आणि तिथेही प्रत्येक शब्दाला पर्याय सापडलाच असे नाही. मोटारीला 'बिल' म्हणतात, तो 'ऑटोमोबिल'चाच तुकडा. कॉफी आणि केळे यांची नावेही परदेशीच. जे परके शब्द त्यांच्या प्रत्ययांत सहज बसले, ते त्यांनी ठेवून घेतले.

आता आपल्या भागाकडे येऊ. आइसलँडच्या अभियंत्यांनी समिती नेमली त्याच सुमाराला बिदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) ज्या राज्यात होते तिथे याहून कितीतरी मोठा खटाटोप चालू होता. हैदराबादच्या निजामाने १९१७ साली भाषांतर संस्था उभी केली, 'दारुल तर्जुमा'. आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन केले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणाऱ्या देशातल्या पहिल्या आधुनिक विद्यापीठांपैकी हे एक; भाषा होती उर्दू. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, रसायन, वनस्पतिशास्त्र हे सगळे उर्दूतून शिकवायचे, तर इंग्रजी संज्ञांना उर्दू शब्द हवेत. भाषांतर संस्थेची सुरुवातीची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. वहीदुद्दीन सलीम यांनी तर परिभाषा कशी घडवावी यावरच १९२१ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अरबी-फारसी धातूंपासून हजारो शब्द तयार झाले: जीवशास्त्राला 'हयातियात', वनस्पतिशास्त्राला 'नबातियात', उष्णतामापकाला 'मिकयासुल-हरारत'. शेकडो ग्रंथ भाषांतरित झाले. राजाश्रय होता, पैसा होता, विद्वान होते आणि कामाचा दर्जाही उत्तम होता. मग सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात विलीन झाले, उस्मानियाची शिक्षणभाषा इंग्रजी झाली, आणि ते शब्द ग्रंथालयाच्या कपाटात राहिले. बिदरच्या बाजारात, भालकीच्या शाळेत, आळंदच्या शिवारात त्यांतला एकही शब्द मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्याच्या तोंडी आढळत नाही. त्या भाषांतरकारांच्या श्रमांविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच त्यांच्या शब्दांचा हा शेवट नीट पाहायला हवा असे वाटते. त्या राज्यातल्या बहुसंख्य प्रजेची घरची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. उर्दू परिभाषेची गरज विद्यापीठाच्या वर्गात होती. वर्ग बंद होताच गरज संपली.

त्याच राज्याचे, त्याच उर्दू-फारसी मुशीतले दुसरे शब्द मात्र आजही जिवंत आहेत. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५च्या सुमाराला जिल्ह्यांची रचना ('जिल्हाबंदी') केली, प्रत्येक जिल्ह्यावर 'अव्वल तालुकदार' आला, त्याच्या हाताखाली तहसीलदार आले. १८८०च्या दशकात दरबाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. या कारभाराची झळ आणि लाभ दोन्ही गावोगावी पोचले. अर्ज, पेशी, तहसील, दवाखाना, कचेरी, वसूल, जामीन, तक्रार, राजीनामा हे शब्द शिकण्यासाठी कोणाला शाळेत जावे लागले नाही. सारा भरायचा, तारखेला हजर राहायचे, औषध आणायचे, म्हणजे शब्द आपोआप तोंडी यायचा. यांतले बरेचसे मराठीत निजामाच्याही आधीपासून, बहमनी आणि बरीदशाही काळापासून मुरलेले होते. निजामाच्या कचेऱ्यांनी त्यांना रोजच्या वापरात ठेवले. अव्वल तालुकदार गेला, कारण ते पदच गेले. तहसीलदार राहिला, कारण कचेरी राहिली. उत्तर कर्नाटकातला कन्नड माणूसही 'दवाखाने' म्हणतो, 'अर्जी' करतो, 'कचेरी'त जातो. १९४८, १९५६ आणि त्यानंतरही सरकारे बदलली, भाषा बदलल्या, तरी 'पहाणी' टिकली. २०००च्या सुमारास कर्नाटक सरकारने 'भूमी' प्रकल्पात जमिनीच्या सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर नेल्या. ग्राम लेखापालाच्या बासनातला कागद यंत्रातून छापून येऊ लागला. शेतकऱ्याने त्याचे नाव बदलले नाही.

कचेरीचे बळ किती असते हे मराठीच्या आणखी जुन्या अनुभवातही दिसते. १६७४च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या पुढाकाराने 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. हजाराहून अधिक यावनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले होते. मुजुमदाराचे अमात्य झाले, सुरनिसाचे सचिव, वाकनिसाचे मंत्री. परंतु दप्तरात बसणाऱ्या कारकुनांचा हात जुन्याच वळणाचा होता. पुढे पेशवाईत फडणीस, मुजुमदार, कमाविसदार हेच शब्द चालले. पेशवा हा शब्दही फारसीच. कोशातले शब्द काही घराण्यांच्या किताबांत उरले. तीन शतकांनी चित्र पालटले. स्वतंत्र भारतात राज्यकारभार मराठीतून करायचे ठरले, १९६० साली महाराष्ट्राचे भाषा संचालनालय निघाले, आणि इंग्रजी पदांसाठी 'मंत्री', 'सचिव' हे शब्द रोजच्या वापरात आले. सतराव्या शतकात जे कारकुनाच्या लेखणीत शिरले नाहीत, ते विसाव्या शतकात वर्तमानपत्रातून, रेडिओवरून, सरकारी पत्रातून सामान्य माणसाच्या तोंडी गेले. १९६२च्या 'पदनाम कोशा'ची त्या वेळी 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली होती. आज 'संचालक', 'अधीक्षक', 'आयुक्त' म्हणताना कोणालाच अडखळायला होत नाही. शब्दांत काही फरक पडलेला नाही. ते वापरावे लागतील अशी कामे निर्माण झाली.

हा नियम मान्य केला तर बिदर-कलबुर्गीच्या मराठीची आजची अडचण नेमकी कळते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले, नारायणखेड आणि जहिराबादची बाजू आंध्रात गेली, बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. सीमेच्या या बाजूला कचेरीची भाषा कन्नड झाली. मुंबईत घडलेले मराठी शब्द इथे येतात ते लातूर-सोलापूरच्या वर्तमानपत्रांतून आणि मराठी वाहिन्यांवरून; ज्या कामासाठी ते घडले ते काम इथे कन्नडमध्ये होते. त्यातून एक विलक्षण गुंता तयार होतो. मराठी वर्तमानपत्रात 'शिक्षण सचिव' म्हणजे खात्याचा वरिष्ठ अधिकारी. कन्नडमध्ये 'शिक्षण सचिव' म्हणजे शिक्षणमंत्री. अधिकाऱ्याला तिथे 'कार्यदर्शी' म्हणतात. कन्नडचा 'शासक' म्हणजे आपला आमदार, आणि मराठीत शासक म्हणजे राज्यकर्ता. 'विद्यार्थिवेतन' म्हणजे शिष्यवृत्ती. मराठी पालकाला वेतन म्हटले की पगार आठवतो. 'साल' म्हणजे कर्ज, मराठीत वर्ष. म्हणून 'साल मन्ना' ही कर्जमाफीची घोषणा आहे हे सीमेवरच्या मराठी शेतकऱ्याला कळते, आणि पुण्याच्या वाचकाला समजावून सांगावे लागते. रेशनच्या कार्डाला महाराष्ट्रात 'शिधापत्रिका' हा सरकारी शब्द आहे, कर्नाटकात 'पडितर चीटी'. या दोन्ही शब्दांच्या मध्ये उभा असलेला माणूस सरळ 'रेशन कार्ड' म्हणतो. दोन राजभाषांच्या कात्रीत सापडलेल्या बोलीला इंग्रजी शब्द जवळचा वाटतो, कारण तो दोन्ही बाजूंना एकाच अर्थाने चालतो. याला मराठी माणसाचा आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की मग बिघडले कुठे? रेशन कार्ड, मोबाईल, बस हे शब्द सगळ्यांना कळतात, त्यांना पर्याय शोधण्याचा अट्टाहास कशासाठी? मोबाईलपुरते हे खरे आहे. 'भ्रमणध्वनी' हा शब्द छापून आला, पण हाती धरलेल्या वस्तूला पाच अक्षरी नावाने हाक मारायला कोणी तयार झाले नाही, आणि त्यासाठी भांडत बसण्यात अर्थ नाही. आइसलँडनेही मोटारीशी भांडण मांडले नाही. परंतु वस्तूचे नाव वेगळे आणि व्यवहाराचे नाव वेगळे. पीक विम्याच्या अर्जात, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रात, न्यायालयाच्या समन्समध्ये, जमिनीच्या फेरफारात जो शब्द असतो तो समजला नाही तर माणसाचे नुकसान होते. 'रक्तदाब' हा शब्द ऐकताच रक्ताच्या दाबाचे काहीतरी आहे इतके तरी अशिक्षित माणसाला कळते; 'बीपी' या दोन अक्षरांतून त्याला काहीच उमजत नाही. कन्नडमध्ये पीक विम्याला 'बेळे विमे' म्हणतात. यातला 'विमे' म्हणजे आपला 'विमा'च, त्यामुळे अर्धा शब्द आधीच ओळखीचा होतो. समजणारा शब्द हा हक्काचा भाग आहे, आणि प्रतिशब्द घडवण्याचे खरे समर्थन तिथेच आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. सीमाभागातली मराठी कन्नड आणि उर्दूने भेसळलेली आहे, तिला आधी प्रमाण मराठीच्या शिस्तीत आणा, असे सांगणारे आजही भेटतात. त्यांना या भूमीचा इतिहास आठवून द्यावा लागेल. बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात मराठी गीतांच्या ओळी आहेत. कलबुर्गी जिल्ह्यातल्या गाणगापूरच्या नृसिंह सरस्वतींचे चरित्र सांगणारा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ घरोघरी वाचला जातो; तो लिहिणारे सरस्वती गंगाधर मूळचे कन्नडभाषक होते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात मराठी, कन्नड आणि दख्खनी हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द मराठीने कन्नडकडून घेतले, तेव्हा कोणी परवाना मागितला नव्हता. देवाणघेवाण दुसऱ्या बाजूनेही झाली: सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत रूढ केलेला 'महापौर' कन्नड लिखाणातही वापरला जातो. याच चळवळीचा पुढे पुरस्कार करणारे माधव जूलियन स्वतः फारसीचे जाणकार होते, आणि १९२५ साली त्यांनीच 'फारसी-मराठी कोश' सिद्ध केला. भाषाशुद्धीच्या वादात माझा कौल रुळलेले शब्द ठेवण्याकडे झुकतो, कारण जो शब्द चारशे वर्षे लोकांच्या तोंडी आहे त्याला परका म्हणायचे तर आपला कोणता हे ठरवणेच कठीण होईल. पण सावरकरांनी दिलेले उत्तम शब्द नाकारण्याचेही कारण नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आइसलँड हे एकभाषी बेट; तिथे जे जमले ते चार भाषांच्या चौकात कसे जमेल? जसेच्या तसे जमणार नाहीच, आणि तसा आग्रहही धरू नये. घेण्यासारखी आहे ती त्यांची एक रीत: नवे नाव हवे असेल तर आधी आपल्याच घरातले, वापरातून सुटलेले किंवा छोट्या कामाला लावलेले शब्द तपासून पाहायचे. मराठीने हे न सांगताही केले आहे. आभाळातली वीज तारेत आली तरी तिचे नाव वीजच राहिले. घटका मोजणाऱ्या साधनाचे नाव मनगटावरच्या यंत्राला मिळाले. 'कारखाना' हा शिवकाळात राजवाड्याच्या कोठारांचा आणि खात्यांचा शब्द. आता तो साखर गाळणाऱ्या गिरणीचा झाला. 'कळ' या जुन्या शब्दापासून 'कळफलक' निघाला. सीमाभागातल्या मराठीजवळ तर असा साठा अधिकच आहे, कारण निजामी महसुलाची, बिदरी कारागिरीची, खडकातून खोदलेल्या पाणीवाटांची, शेतीची शब्दसंपत्ती तिथे अजून बोलण्यात आहे. 'पहाणी' हे त्याचे सगळ्यांत ठळक उदाहरण. मुंबईतल्या परिभाषा समित्यांनी हा साठा तपासलेला दिसत नाही, ही मला त्या कामातली मोठी उणीव वाटते.

पण साठा तपासून भागणार नाही, त्याला काम द्यावे लागेल, आणि ते देण्याच्या जागा दोन आहेत. पहिली शाळा. कर्नाटकात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत आणि राज्याचा पाठ्यपुस्तक विभाग मराठीतही पुस्तके काढतो. राज्यघटनेच्या ३५० अ या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. या पुस्तकांत नागरिकशास्त्राच्या धड्यात 'सचिव' आला की तो कोणत्या अर्थाने, हे तिथल्या तिथे सांगणारी टीप हवी. भालकीचे मूल दोन्ही अर्थ घेऊनच मोठे होणार आहे. दुसरी जागा कचेरी. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने राज्यांशी ठरवलेल्या तरतुदींनुसार जिल्ह्यात किंवा त्याखालच्या पातळीवर एखादी भाषा बोलणारे किमान पंधरा टक्के असतील, तर महत्त्वाचे नियम, सूचना आणि अधिसूचना त्या भाषेत भाषांतरित करून प्रसिद्ध करायच्या असतात. या तरतुदीकडे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या चष्म्यातून पाहिले जाते, म्हणून दोन्ही राज्यांत तिचा विचार खुल्या मनाने होत नाही. गावे कोणत्या राज्यात असावीत हा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो तिथेच सुटेल. पीक विम्याची सूचना वाचून समजणे हा मात्र त्याची वाट पाहत थांबावा असा प्रश्न नाही.

म्हणून भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांतल्या मराठी शिक्षकांना, वकिलांना, पत्रकारांना, कृषी साहाय्यकांना आणि दवाखान्यांतल्या परिचारिकांना एक विनंती आहे. कन्नड कागदावरचा शब्द, गावात बोलला जाणारा शब्द आणि महाराष्ट्रातला सरकारी शब्द असे तीन रकाने असलेली यादी आपापल्या व्यवसायापुरती तयार करा. जमीन, पीक, आजार, शाळा, न्यायालय एवढ्या पाच व्यवहारांची यादी झाली तरी पुष्कळ आहे. ती तालुका पंचायतीला द्या, शाळेच्या भिंतीवर लावा, आणि अर्ज लिहून देणाऱ्याच्या टेबलावर ठेवा.